आपल्यासाठीं न लिहिलेलें

जगांत जें जें लिहिलें जातें, त्यांतील फारच थोडें आपल्यासाठीं लिहिलेलें असतें. आपल्या नांवें आलेलें पत्र, आपण विकत घेतलेलें पुस्तक, चावडीवर लावलेली नोटीस, इतकें वगळलें तर उरलेला सारा लेखनसंभार दुसऱ्या कोणीं तरी दुसऱ्याच कोणासाठीं सिद्ध केलेला असतो. परंतु घर, जमीन किंवा जुनी पेटी जशी वारसानें अथवा योगायोगानें आपल्याकडे येते, तसेंच हें परक्यासाठींचें लेखनही पुष्कळदां आपल्या हातीं पडतें. तें आपणांस कळत नाहीं; तरी तें आपल्या घरांत असतें. अशा लेखाशीं आपण कसें वागावें? हा प्रश्न वरवर पाहतां ज्ञानाचा दिसतो. लेखाचा अर्थ लागला म्हणजे प्रश्न मिटला, असें वाटतें. आमच्या मतें तो ज्ञानाच्या आधीं नीतीचा आहे. कारण लेख कळण्यापूर्वींच आपण त्याला ठेवतों, फाडतों, दुरुस्त करतों किंवा त्यास मनाला येईल तो अर्थ चिकटवून मोकळे होतों.

हल्लीं हा प्रश्न अगदीं अनपेक्षित जागीं उभा राहतो, म्हणून त्याचा विचार करण्याचें योजिलें आहे. अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ पासून ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यांत, कर्जत हें तालुक्याचें गांव आहे. भीमेच्या खोऱ्यांतला हा मुलूख कमी पावसाचा, कोरडवाहू शेतीचा. तेथील सुशिक्षित घरांतही आतां संगणक आला आहे. आणि जेथें संगणक आहे व बारा-चौदा वर्षांचें मूल आहे, तेथें संगणकावरील खेळही आलाच. संगणकांतील जागा भरत आली म्हणून असें एखादें मूल खेळाचें फोल्डर उघडतें, आणि चित्रांच्या व आवाजांच्या मोठमोठ्या फाइलींच्या गर्दींत त्याला दहापांच लहानशा मजकुराच्या फाइली दिसतात. एक उघडावी तर ओळींमागून ओळी. भाषा इंग्रजीसारखी, पण इंग्रजीच्या पुस्तकांत नसलेली. मग तें मूल वडिलांना दोन प्रश्न विचारतें: ‘बाबा, हें काय आहे?’ आणि ‘पुसून टाकूं का?’ बहुतेक घरांत दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर पहिल्याच्या आधीं दिलें जातें. आमचा सगळा विषय या क्रमांत सांठवलेला आहे.

अशा फोल्डरांत साधारणपणें पांच-सहा जातींचा मजकूर सांपडतो. पहिल्या फाइलीच्या इंग्रजी नांवाचाच अर्थ ‘मला वाचा’ असा असतो. सगळ्या संग्रहांत वाचकाला उद्देशून लिहिलेली तेवढी एकच, आणि बहुधा न वाचली जाणारीही तीच. दुसरी करारपत्राची, ती खेळणाऱ्याच्या नांवें असली तरी तिचें तोंड न्यायालयाकडे असतें. तिसरी मांडणीची. डावीकडे एक नांव, मध्यें बरोबरीची खूण, उजवीकडे एक आंकडा, अशा तींत शेंकडों ओळी असतात; पडद्याची रुंदी किती, आवाज किती मोठा, सांवल्या दाखवावयाच्या कीं नाहींत, हें तींत माणसानें यंत्राला सांगितलेलें असतें. चौथी नोंदवहीची, जिला ‘लॉग’ म्हणतात. तींत उलट यंत्रानें माणसाला सांगितलेलें असतें कीं, अमुक तासाला अमुक मिनिटाला खेळ सुरू झाला, अमुक चित्र सांपडलें नाहीं, अमुक ठिकाणीं काम अडलें. पांचवी संवादांची. खेळांतील पात्रांचीं वाक्यें तींत क्रमांक लावून एकाखालीं एक ठेवलेलीं असतात. पण कोण कोणाला केव्हां बोललें, याचा पत्ता नसतो. आणि सहावी मुळांत मजकुराची नसून मजकूर म्हणून उघडली गेलेली. तींत नुसता चिन्हांचा चिखल दिसतो.

या शेवटच्या जातीपासून आरंभ करूं. यंत्राला अक्षर ठाऊक नसतें; त्याला अंक ठाऊक असतात, आणि कोणत्या अंकाचें कोणतें अक्षर हें माणसांनीं आपसांत ठरवून त्याला सांगितलेलें असतें. अमेरिकेंत १९६३ सालीं असा एक करार झाला. त्यांत अवघ्या १२८ चिन्हांची सोय होती आणि देवनागरीला अर्थातच जागा नव्हती. सर्व लिपींना सामावून घेणारा ‘युनिकोड’ हा करार १९९१ पासून प्रसिद्ध होऊं लागला. त्यांत आपल्या ‘क’ला २३२५ हा अंक आहे, आणि साठवणुकीच्या प्रचलित पद्धतींत तो तीन लहान अंकांत विभागून ठेवला जातो. ती फाइल जुन्या युरोपीय कोष्टकानें वाचली तर एका ‘क’च्या जागीं तीन असंबद्ध चिन्हें दिसतात. युनिकोड रुळण्यापूर्वीं तर मराठी मजकूर विशिष्ट फाँटांतून लिहिला जाई. ते फाँट रोमन अक्षरांच्या अंकांवर देवनागरी आकार बसवीत. तो फाँट ज्या यंत्रावर नाहीं त्यावर अस्सल मराठी लेख उघडला तरी रोमन अक्षरांची निरर्थक रांग पुढें येते. तेव्हां जें निरर्थक दिसतें तें निरर्थक असेलच असें नाहीं. कित्येकदां लेख शाबूत असतो आणि आपल्या हातांतली किल्ली दुसऱ्या कुलपाची असते. ज्याला हें ठाऊक आहे त्याचा हात लेख पुसण्यापूर्वीं क्षणभर थांबतो.

परंतु अक्षरें लागलीं म्हणजे लेख लागला, असेंही नव्हे. ज्यांच्या घरीं मोडी कागदांचे रुमाल आहेत त्यांना याचा अनुभव असतो. मोडींत आधीं आडवी रेघ ओढून तिच्याखालीं एकसारखें लिहीत जावयाचें. शब्द कोठें तुटतो हें लेखक दाखवीत नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहीं. हें सर्व साधून अक्षर लागलें तरी तारखेच्या आरंभींचा ‘छ’ म्हणजे चांद्रतिथीची खूण आहे, हें न कळणारा वाचक तेथेंच अडखळतो. पुढें ‘सलास सबैन मया व अलफ’ असे शब्द आले तर त्याला तें एखाद्या माणसाचें नांव वाटावयाचें. वस्तुतः ते अरबी संख्याशब्द आहेत. त्यांनीं ११७३ हें शुहूर सन होतें, आणि त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे १७७२-७३ हें इसवी सन निघतें. याहून सोपें उदाहरण घ्यावयाचें तर प्रत्यक्ष ‘कर्जत’ हाच शब्द घ्यावा. एखाद्या कागदांत नुसता ‘मुक्काम कर्जत’ असेल, तर अक्षरांविषयीं कसलीही शंका नाहीं. पण तें भीमाखोऱ्यांतलें कर्जत कीं बोरघाटाच्या पायथ्याचें, आगगाडीच्या वाटेवरचें रायगड जिल्ह्यांतलें कर्जत, हें अक्षरें सांगत नाहींत. ज्याला तें पत्र लिहिलें त्याला सांगण्याची गरज नव्हती, म्हणून लिहिणारानें सांगितलें नाहीं. लेखाचा अर्धा अर्थ नेहमीं लिहिणारा आणि वाचणारा यांच्या पूर्वपरिचयांत राहिलेला असतो. आपण परके वाचक तो परिचय घेऊन येत नाहीं, आणि तो नव्यानें मिळविल्यावांचून आपल्याला गत्यंतर नसतें.

तो मिळवावा कसा? याचें फार सुंदर उदाहरण भारताच्या प्राचीन लिपीच्या वाचनांत सांपडतें. अशोककालीन ब्राह्मी लिपि शतकानुशतकें कोणास वाचतां येत नव्हती. सांचीच्या स्तूपाभोंवतीं दगडी कठडे आहेत. त्यांवर लहान लहान लेख कोरलेले आहेत, आणि त्यांतील पुष्कळांच्या शेवटीं तींच दोन अक्षरें येतात. जेम्स प्रिन्सेप यानें १८३७ सालीं या लेखांकडे पाहतांना अक्षरांच्या आधीं जागेचा विचार केला. देवस्थानाच्या कठड्यावर सुटे सुटे लेख कोण कोरवील? ज्यानें ज्यानें तो दगड अर्पण केला तो. मग शेवटचा शब्द ‘दानं’ असावा. हा तर्क खरा ठरला, आणि त्या दोन अक्षरांच्या आधारानें पुढची वाट मोकळी होत गेली. लेखाचें काम आधीं ओळखलें, अक्षरें मागाहून ओळखलीं.

खेळाच्या फोल्डरांतील फाइलींनाही हाच न्याय लागतो. फाइलींत काय लिहिलें आहे यापूर्वीं ती काय करते हें पाहावें. तिच्यावर कोणत्या दिवसाची तारीख आहे? खेळ एकदां चालवून बंद केला तर ती वाढते कीं जशीच्या तशी राहते? दर वेळीं वाढत असेल तर ती नोंदवही होय. खेळांत जाऊन आवाज कमी केल्यावर तींतला एकच आंकडा बदलत असेल तर ती मांडणीची होय. मग तिची नक्कल बाजूला ठेवून एकाच ओळींतील एकच आंकडा बदलावा, काय घडतें तें पाहावें, आणि पूर्ववत् करावें. एका वेळीं एक. दोन आंकडे एकदम बदलले तर कोणत्यानें काय झालें हें कळत नाहीं. इतकी शिस्त ज्या मुलानें स्वतः शोधून काढली त्यानें प्रयोगशास्त्राचा पहिला धडा घेतला, असें म्हणावयास हरकत नाहीं. मग तो कोणत्या खेळाच्या निमित्तानें घेतला याला महत्त्व नाहीं.

ही शिस्त नसली म्हणजे माणूस रिकामा बसतो असें नाहीं. तो अर्थ रचूं लागतो. नाशिकजवळच्या त्रिरश्मि डोंगरावरील लेण्यांना आपण पांडवलेणीं म्हणतों. वस्तुतः त्या लेण्यांच्या भिंतींवर तीं कोणीं कोणासाठीं कोरविलीं हें स्पष्ट लिहिलेलें आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिचें आणि क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचें दान तेथें नांवानिशीं नमूद आहे, आणि दान घेणारे बौद्ध भिक्षु होते. लेख डोळ्यांसमोर होता, वाचतां येणारे उरले नव्हते. तेव्हां लोकांनीं पांडवांना तेथें आणून बसविलें. यांत लबाडी कोणाचीच नव्हती. परंतु एका राजमातेचें दान, तिचें नांव आणि त्या भिक्षूंची वस्ती या सर्वांवर एका गोड कथेचा पडदा पडला. खेळाच्या फाइलींत ‘किल’, ‘फेटल’ असे शब्द पाहून कांहीं पालक दचकतात आणि संगणकांत कोणी तरी घातपाताचा मजकूर घुसविला अशी समजूत करून घेतात. वास्तविक पहिला शब्द चालू असलेलें काम थांबविण्याचा आणि दुसरा यंत्र पुढें चालूं न शकण्याइतक्या दोषाचा, असे ते तांत्रिक रूढ शब्द असूं शकतात. न कळलेल्या लेखाला भीति जितक्या लवकर अर्थ देते तितक्या लवकर बुद्धि देत नाहीं.

आतां दुरुस्तीचा प्रश्न. मराठी माणसाला एका अक्षराचें सामर्थ्य सांगावें लागत नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यासंबंधीं ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका घरोघरीं ठाऊक आहे. ‘धरावें’ या शब्दांतील एक अक्षर फिरवून ‘मारावें’ केलें, अशी ती कथा. तिच्या ऐतिहासिक खरेपणाविषयीं इतिहासकार साशंक आहेत. परंतु दुसऱ्याच्या लेखांत गुपचूप हात घालणें म्हणजे काय, हें आपल्या समाजाला तिनेंच शिकविलें. उलट बाजूचें उदाहरण खेळांच्याच जगांतलें आहे. ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’ हा खेळ २०१३ सालीं बाजारांत आला आणि त्यांतील शत्रुप्राणी अगदीं भ्रमिष्टासारखे वागतात म्हणून त्याची फार टर उडाली. त्याच्या फोल्डरांतील मांडणीच्या एका मजकूर-फाइलींत ‘टेदर’ या इंग्रजी शब्दांत एक अक्षर चुकून जास्त पडलें होतें. ही गोष्ट २०१८ सालीं सर्वत्र गाजली. ‘टेदर’ म्हणजे जनावर बांधण्याचें दावें. शब्द चुकल्यामुळें यंत्राला तो ओळखतां येईना, आणि जें जनावर जेथें बांधावयाचें तें तेथें बांधलें जाईना. तें जास्तीचें अक्षर खोडतांच ते प्राणी पुष्कळ शहाण्यासारखे वागूं लागले, असें खेळणारांनीं सांगितलें. पांच वर्षें ती चूक साध्या मजकुरांत, कोणालाही उघडतां येईल अशा फाइलींत पडून होती.

एक अक्षर फिरवून घात होतो आणि एक अक्षर फिरवून सुधारणाही होते. मग दोहोंतला भेद कोणता? फळावरून भेद करणें सोपें आहे, पण तें आधीं कळत नाहीं. आम्हांस भेद रीतींत दिसतो. पहिल्या कथेंत मूळ लेख नाहींसा झाला आणि बदल लपविला गेला. दुसऱ्या ठिकाणीं मूळ लेख सर्वांपाशीं राहिला, शब्दाचें काम काय हें ओळखून बदल केला गेला, आणि तो सर्वांस सांगितला गेला. ज्याला पटेल त्यानें तो करून पाहावा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेली आणि १९६६ सालीं पुरी झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति याच नियमानें सिद्ध झाली आहे. संपादकांनीं स्वीकारलेला पाठ वर छापला आहे, आणि न स्वीकारलेले पाठ त्याच पानावर खालीं दिले आहेत. वाचकाला संपादकांशीं मतभेद करण्याचें साधन संपादकांनींच हातीं दिलें आहे. फाइलीची नक्कल ठेवून मगच तींत बदल करणारें मूल आणि तळटीपांत सारे पाठ देणारा पंडित हे विद्वत्तेनें कितीही दूर असले, तरी एकाच व्रताचे आहेत.

येथें कोणी विचारील, दुसऱ्यासाठीं लिहिलेलें वाचावें हेंच मुळांत योग्य आहे काय? बंद पाकीट फोडणें आणि उघड्या वहींत डोकावणें यांत अंतर आहे, आणि विकत घेतलेल्या वस्तूच्या पोटांत काय आहे हें पाहणें याहूनही निराळें. तें पाहण्याचा अधिकार आम्हांस मान्य आहे. परंतु पाहण्याच्या अधिकारांत चारचौघांत मांडण्याचा अधिकार येत नाहीं. नोंदवहीच्या फाइलींत पुष्कळदां संगणकाच्या मालकानें घेतलेलें नांव आणि त्याच्या फोल्डरांची रचना जशीच्या तशी उतरलेली असते. अडचण सोडविण्यासाठीं ती परक्याकडे पाठविण्यापूर्वीं आपण आपल्याच घराचें दार किती उघडतों आहों, हें पाहावें. कांहीं फाइलींत खेळ बनविणाऱ्या कामगारांनीं एकमेकांसाठीं लिहिलेल्या टिपा राहून गेलेल्या असतात. त्या वाचतांना त्या घाईंत आणि थकव्यांत लिहिलेल्या असतील याची आठवण ठेवावी. कांहींनीं तर हेतुपुरस्सर मागें खूण ठेविली आहे. १९८० च्या सुमारास अटारी कंपनीच्या खेळांवर ते रचणारांचीं नांवें छापलीं जात नसत; तेव्हां वॉरेन रॉबिनेट यानें ‘ॲडव्हेंचर’ या आपल्या खेळांत एक गुप्त खोली करून तींत स्वतःचें नांव ठेविलें. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजीचें नांव कोरलेलें आहे, तें उघड आणि नम्रपणें. दोहोंच्या मुळाशीं इच्छा एकच: हें काम कोणीं केलें, हें कोणाला तरी कळावें. असें नांव वाचणें ही चोरी नव्हे. ती पोंच आहे.

राहतां राहिला पुसून टाकण्याचा प्रश्न. सर्वच ठेवावें, असें आमचें म्हणणें नाहीं. घरांत जागा नाहीं, संगणकांत जागा नाहीं, आणि आयुष्यांत तर त्याहून नाहीं. नोंदवहीची फाइल बहुधा निर्धास्तपणें काढून टाकतां येते. खेळ पुढच्या वेळीं नवी करतो. आमचा आग्रह क्रमाचा आहे: आधीं ओळख, मग निकाल. हा क्रम उलटला म्हणजे काय होतें हें महाराष्ट्रानें पाहिलें आहे. शाळांतून मोडी गेल्यानंतर घराघरांतील रुमाल मुके झाले, आणि वाचतां येत नाहीं एवढ्याच कारणावरून कित्येक कागद रद्दींत, बंबांत आणि वाळवीच्या तोंडीं गेले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, तो अशाच घरगुती दप्तरांतून मिळालेल्या पत्रांच्या बळावर. पुढें १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें, तेंही अशा कागदांची कदर करण्यासाठीं. हे कागद केवळ राजकारणाचे नसतात. कोरडवाहू मुलखांतल्या जुन्या वाटणीपत्रांत विहिरीच्या पाण्यांत कोणाचा किती हिस्सा, बांध कोठून कोठवर, कोणत्या विधवेला अन्नवस्त्र कोणीं द्यावें, असें लिहिलेलें असतें. कागद वाचतां न आल्यानें तो हिस्सा, तो बांध आणि ती विधवा यांचें म्हणणें खोटें ठरत नाहीं. तें ऐकणारें तेवढें कोणी उरत नाहीं.

प्रयत्न करूनही कांहीं लेख कळत नाहींत. सिंधु संस्कृतीच्या मुद्रा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर मोठ्या संख्येनें उजेडांत आल्या. त्यांवरील लिपीचें सर्वमान्य वाचन अजून झालेलें नाहीं. तरी त्या मुद्रांची बिनचूक प्रतिकृति, त्यांच्या सांपडण्याची जागा आणि त्यांतील चिन्हांची यादी विद्वानांनीं जपून ठेविली आहे. ‘हें आम्हांस कळलें नाहीं’ असें लिहून जसेंच्या तसें पुढच्याच्या स्वाधीन करणें, हें अज्ञानाचें लक्षण मानूं नये. पुढच्या वाचकाला खोटा अर्थ देण्यापेक्षां कोरी जागा देणें अधिक प्रामाणिक आहे.

या सगळ्याची गरज आपल्याच पिढीला विशेष आहे. आपल्या घरांचे हिशेब, पत्रें, जमिनीचे उतारे, मुलाबाळांचीं चित्रें हें सर्व आतां यंत्रांत आहे, आणि ज्या कोष्टकांनीं व ज्या साधनांनीं तें आज वाचतां येतें तीं बदलत राहणार आहेत. मोडीचें उदाहरण एका दृष्टीनें धीर देणारें आहे: जी लिपि घराघरांतून जवळजवळ गेली, तिच्या अक्षरांना २०१४ सालीं युनिकोडांत स्वतःचे अंक मिळाले, कारण तोंवर ती वाचणारे आणि तिची कदर करणारे थोडे लोक उरले होते. उद्यां आपल्या नातवंडांच्या हातीं आपल्या फाइली पडतील तेव्हां त्याही त्यांच्यासाठीं लिहिलेल्या नसतील. त्यांतलें काय राहील आणि काय जाईल, हें यंत्रांच्या प्रगतीवर थोडें आणि त्या मुलांनीं लहानपणीं घरांत कोणती संवय पाहिली यावर पुष्कळ अवलंबून राहील. कर्जतांतल्या काय किंवा पुण्यांतल्या काय, ज्या घरीं ‘पुसूं का?’ या प्रश्नाला ‘आधीं तें काय आहे तें पाहूं’ असें उत्तर मिळतें, त्या घरचीं मुलें आपलेंही असेंच वाचतील, अशी आशा बाळगावयास जागा आहे.